कडीखालची पांढरी जागा

समजा, तुमच्यासमोर टेबलावर एक ढोल आहे. लाकडाचं गोल पोट, दोन्ही तोंडांना कातडं, आणि या तोंडापासून त्या तोंडापर्यंत नागमोडी ओवलेली सुती दोरी. तुम्हाला तो फार लांब पाठवायचाय. वाटेत दोन ट्रक, एक विमान आणि निदान नऊ माणसांचे हात त्याला लागणार आहेत. त्या नऊ जणांतला एकही तुमच्या ओळखीचा नाही. एखादा घाईत असेल, एखाद्याची पाठ धरली असेल, एखादा घरून भांडून आला असेल. खोक्यावर तुम्ही ‘सांभाळून’ असं हातभर अक्षरांत लिहा, तो ते वाचेलच असं नाही. तर सांगा, सुरुवात कुठून कराल?

बहुतेक लोक खोक्यापासून करतात. मोठं खोकं आणायचं, ढोल आत ठेवायचा, राहिलेल्या जागेत कागद कोंबायचे, वरून चिकटपट्टीचे दहा वेढे. वाद्यं बांधून पाठवणारे गादीकाका सुरुवात ढोलापासून करत. वस्तू टेबलावर आली की ते आधी तिचा ताण उतरवत. तंतुवाद्य असेल तर तारा सैल, ढोल असेल तर दोरी सैल. विमानाच्या पोटात हवा थंड आणि कोरडी असते, त्यात कातडं आकसतं. आधीच ताणून बसवलेलं असेल तर त्याला आकसायला जागाच उरत नाही, आणि ते फाटतं. एका गिऱ्हाइकानं हट्टानं ढोल ताणलेला ठेवून पाठवायला लावला होता. पोचला तेव्हा कातड्याला या कडेपासून त्या कडेपर्यंत चीर होती. तेव्हापासून काकांचे हात कुणाला विचारायला थांबत नसत. ढोल आला, की दोरी ताणणाऱ्या कड्या सरकल्याच.

ही न विचारण्याची सवयच एक दिवस त्यांना महागात पडली.

गादीकाकांचं खरं नाव पार्सल नेणाऱ्या माणसालाही माहीत नव्हतं. वयाच्या पन्नाशीपर्यंत त्यांनी गाद्या भरल्या. मग फोमच्या तयार गाद्या आल्या आणि कापसाच्या दुकानाला कुलूप लागलं. त्याच सुमारास समोरच्या वाद्यांच्या दुकानाच्या मालकानं विचारलं, “एका व्हायोलिनच्या पेटीला आतून छोटी गादी करून द्याल का?” काकांनी करून दिली. ती पेटी जिन्यावरून तीन मजले गडगडत खाली आली आणि आतलं व्हायोलिन जसंच्या तसं निघालं, तेव्हा मालकानं दुकानामागची खोली रिकामी करून दिली. त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

खोलीत एकच खिडकी, तीही उंचावर. भिंतीला टेकवलेले फोमचे ठोकळे, पुठ्ठ्यांची चवड, मधोमध जाड घोंगडं अंथरलेलं टेबल. कोपऱ्यात काकूंचं शिवणयंत्र. दुपारनंतर काकू यायच्या आणि जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या चादरींच्या खोळी शिवायच्या. नवं कापड खरखरीत, त्यानं पॉलिशवर ओरखडे उठतात, हे त्यांचं ठाम मत.

“त्या व्हायोलिनला काय गुंडाळताय,” त्या म्हणायच्या. “गेल्या थंडीत मी दुसरी शाल मागितली, तर म्हणालात एक पुरे.”

“तुला कुणी विमानातून फेकणार नव्हतं.”

“फेकणारा घरातच असेल तर विमान कशाला लागतंय?”

गादीवाल्यालाच कळेल अशी एक गोष्ट काकांच्या कामात होती. भरलेला माल बसतो, हे त्यांना ठाऊक होतं. आज गच्च वाटणारी गादी महिन्याभरानं मधोमध खोल होते, तसंच खोक्यातलं भरणही रस्त्याच्या हादऱ्यांनी खाली बसतं, वर दोन बोटं जागा होते, आणि मग आतली वस्तू खुळखुळ्यासारखी आपटत जाते. म्हणून ते भरलेलं खोकं त्याच दिवशी बंद करत नसत. चांगलं गदागदा हलवून ठेवून द्यायचं, दुसऱ्या दिवशी उघडायचं, जिथं बसलंय तिथं पुन्हा भरायचं. नव्या मापाचं खोकं असलं तर आत वाद्याऐवजी एक जुना बल्ब ठेवून ते कमरेएवढ्या उंचीवरून सोडून द्यायचं. एकच बल्ब, सहा वर्षं तोच. मालक त्याला ‘काकांचा धाकटा’ म्हणायचे. “धाकटा पास झाला का?” असं बाहेरूनच ओरडून विचारायचे.

तो ढोल आला त्या सकाळी मालक स्वतः तो मागच्या खोलीत घेऊन आले. “बाहेर सिस्टर फॉर्म भरतायत,” म्हणाले. “मुलीला पाठवायचाय. माप घेऊन ठेवा.”

सिस्टर म्हणजे पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या निवृत्त नर्स. त्या भागात निम्म्या लोकांना पहिलं इंजेक्शन त्यांनीच टोचलेलं, त्यामुळे लहानथोरांसाठी त्या सिस्टरच. त्यांचे यजमान बसचालक होते. सकाळपाळी संपवून घरी आले की जेवायच्या आधी अर्धा तास ढोल वाजवायचे. काका दुकानाकडून घरी जाताना तो आवाज खालच्या रस्त्यावरून कितीदा तरी ऐकत गेले होते. आठ महिन्यांपूर्वी तो थांबला.

ढोलाला चौदा पितळी कड्या होत्या. प्रत्येक कडीत दोरीचे दोन पदर. कडी एका बाजूला सरकवली की पदर जवळ येतात, कातडं ताणलं जातं, सूर चढतो. दुसऱ्या बाजूला सरकवली की सैल. काकांनी ढोल टेबलावर ठेवला, खोक्याचं माप मनात घेता घेता कड्या सरकवायला लागले. पहिली, मग तिच्या समोरची, मग पुढची. कड्या घट्ट बसल्या होत्या, अंगठा लावावा लागत होता. चौदाव्या कडीवर हात गेला आणि दारात सिस्टर आल्या. टेबल आणि दार यांच्यामध्ये पुठ्ठ्यांची चवड होती, त्यामुळे त्यांना काकांचा चेहरा दिसत होता, हात दिसत नव्हते.

“गादीकाका, एकच सांगायचं होतं,” त्या म्हणाल्या. “त्याचा सूर उतरवू नका. ह्यांनी त्या दिवशी दुपारी लावला होता, आणि संध्याकाळी गेलेच. मुलीला वेळेवर येता आलं नाही. ती म्हणते, आई, बाबांनी लावलेला आहे तसाच पाठव, मला एकदा वाजवून ऐकायचाय. आठ महिने मी फडकंसुद्धा त्याच्या बाजूबाजूनं फिरवलंय.”

काकांचं बोट चौदाव्या कडीवर होतं. तोंडातून शब्द निघाला, “बरं.”

सिस्टर हसल्या. खूप दिवसांनी कुणीतरी ओझं उचलून घ्यावं तशा हसल्या, आणि गेल्या.

दुपारी काकू आल्या तर काका स्टुलावर बसलेले. समोर सैल पडलेला ढोल. काकांनी सगळं सांगितलं.

“बरं म्हणालात?” काकू म्हणाल्या. “तेरा कड्या सोडवून झाल्यावर?”

“निघून गेलं तोंडातून.”

“आता काय करणार?”

“तसाही सैल करावाच लागला असता. ताणलेला पाठवला असता तर फाटला असता. आणि आठ महिन्यांत हवा काय कमी बदलली? कातडं ते, जागेवर राहतंय थोडंच. त्यांचा सूर केव्हाच उतरला असणार.”

“हे मला सांगताय की स्वतःला?”

काकूंनी सुईत दोरा ओवला, यंत्र सुरू केलं, मग पाय थांबवून म्हणाल्या, “एकदा तुम्ही गादीत पायाकडच्या बाजूला कापूस कमी भरलात. गिऱ्हाइकाला कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन सांगून आलात, गादी डोक्यावर घेऊन परत आलात. आठवतं?”

“आठवतं की.”

“तेव्हा मी चारचौघांत सांगत फिरले होते, आमचे हे असे आहेत म्हणून.” आणि यंत्र पुन्हा सुरू झालं. त्या दिवसभर त्यांनी त्यावर आणखी काही म्हटलं नाही, आणि काकांना तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका सिस्टरांच्या घरी गेले. दुसरा मजला, अरुंद जिना. दारामागच्या खुंटीवर बसचालकाची टोपी अजून तशीच होती. सिस्टरांनी चहा टाकू का विचारलं. काका म्हणाले, आधी ऐका, मग टाकायचा की नाही ते ठरवा.

ते उभ्यानंच बोलले. मध्ये कुठेही ‘पण’, ‘तरी’ असं काही घातलं नाही. हवा बदलते, सूर तसाही उतरतो, हे वाक्य ओठांपर्यंत आलं होतं, ते गिळलं. खरं असलं तरी आज ते आपल्या सोयीचं आहे, असं त्यांना वाटलं.

सिस्टर ऐकून खुर्चीत बसल्या. टोपीकडे बघतच त्यांनी विचारलं,

“मी दारात आले तेव्हा किती झाल्या होत्या?”

“तेरा.”

“आणि चौदावी?”

“हातात होती. नाही सरकवली. अजून तशीच आहे.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तुमचा चेहरा बघितला.”

“चाळीस वर्षं मी हेच केलं,” सिस्टर म्हणाल्या. “लोकांचे चेहरे बघून ठरवायचे, आज किती सांगायचं आणि उद्यासाठी किती ठेवायचं. माझ्यावरच कुणी हा प्रयोग करेल असं वाटलं नव्हतं.” त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं. “तिला काय सांगू मी आता? बाबांना शेवटचं बघता आलं नाही, तेवढंच मागितलं होतं तिनं.”

काकांनी मान खाली घातली आणि त्यांचं लक्ष खिडकीजवळच्या बुटक्या कपाटाकडे गेलं. कपाटाचं लाकूड उन्हानं फिकट पिवळं झालं होतं. फक्त वर, मधोमध, ताटाएवढा एक गोल काळसर, चकचकीत राहिला होता.

“ढोल इथं असायचा?”

“कायम तिथंच. वाजवून झाला की उभा करून ठेवायचे. का?”

काका कपाटाशी वाकले. त्या गोलाच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. कड इतकी साफ होती की ढोल डोळे मिटूनही पुन्हा तिथंच ठेवता आला असता.

“सिस्टर, तुमच्याकडे भिंग आहे का?”

“औषधांवरचं बारीक अक्षर वाचायला आहे एक.”

“ते घ्या आणि माझ्याबरोबर चला. होईलच असं म्हणत नाही. पण चला.”

चहा राहिला. दोघं दुकानाच्या मागच्या खोलीत आले. काकांनी ढोल खिडकीखालच्या उजेडात आणला. चौदावी कडी, जी हलली नव्हती, ती त्यांनी आधी बघितली. मग तिच्या शेजारची, सरकवलेली. तिची जुनी जागा जिथं असेल तिथं त्यांनी भिंग धरलं आणि सिस्टरांच्या हातात दिलं.

दोरी हातांच्या घामानं आणि धुळीनं राखाडी झाली होती. पण एका ठिकाणी, कडीच्या रुंदीएवढी, ती पांढरी होती. नव्या दोरीसारखी पांढरी. आणि त्या पांढऱ्याच्या दोन्ही कडांना पितळेची बारीक हिरवट रेघ.

“इथं होती,” काका म्हणाले. “आठ महिने इथंच बसून होती. तिच्याखाली धूळ गेली नाही.”

सिस्टरांनी ढोल हळूहळू फिरवला. दुसरी कडी, तिसरी, चौथी. प्रत्येक ठिकाणी पांढरी जागा होती. कुठं वर, कुठं खाली; कारण बसचालकांनी काही मोजून कड्या लावल्या नव्हत्या, कानानं लावल्या होत्या. त्या मोजत होत्या आणि मध्येच थांबून डोळे पुसत होत्या. तेरा झाल्या तेव्हा म्हणाल्या, “आहेत. सगळ्या आहेत.”

काकू आल्या तेव्हा दोघांची डोकी ढोलावर वाकलेली होती. त्यांनी काही विचारलं नाही. काकांनी सांगितलं ते ऐकलं आणि लाल दोऱ्याचं रीळ काढलं. प्रत्येक पांढऱ्या जागेच्या वरच्या कडेला, हिरव्या रेघेवर, त्यांनी लाल दोऱ्याचा एकेक टाका घातला आणि गाठ मारली. चौदाव्या कडीलाही टाका घातला, आणि मगच काकांनी ती सरकवली. सरकवण्याआधी त्यांनी सिस्टरांकडे बघितलं. सिस्टरांनी मान हलवली.

मुलीला वेगळं पाठवायचं पत्र काकांनी सांगितलं आणि सिस्टरांनी लिहिलं, कारण काकांचं अक्षर पार्सलवाल्याला पत्ता म्हणूनही चालत नसे. खोकं आलं की लगेच उघडू नकोस. एक पूर्ण दिवस खोलीत ठेव, म्हणजे आतली थंडी हळूहळू जाईल. मग कड्या लाल दोऱ्यापर्यंत आण, पण एकदम एक कडी पूर्ण आणू नकोस. समोरासमोरच्या दोन घे, थोड्या सरकव, मग पुढच्या दोन, असं फिरत फिरत. चाकाचे नट आवळतात तसं.

इथं सिस्टरांचं पेन थांबलं. “हे तिला बरोबर कळेल,” त्या म्हणाल्या. “ह्यांनी तिला बसचं चाक बदलायला शिकवलं होतं. मी ओरडले होते, पोरीचे कपडे खराब केलेत म्हणून.”

“मग लिहा तसंच. बाबांच्या चाकासारखं.”

काकांनी त्या ढोलासाठी दोन खोकी केली, एकात एक. मध्ये चारी बाजूंना, वर आणि खाली चार-चार बोटं फोम. ढोल खोक्याच्या भिंतीला कुठंच टेकणार नाही, आणि दोन्ही कातड्यांसमोर मोकळी हवा राहील अशी लाकडाच्या पोटाला धरणारी फोमची दोन वर्तुळं त्यांनी कापली. काकूंनी सगळ्यात जुन्या चादरीची खोळ शिवली. नव्या मापाचं खोकं, म्हणून बल्बाची परीक्षा झाली. त्या दिवशी काकांनी तो कमरेवरून न टाकता स्टुलावर चढून टाकला.

“धाकटा पास झाला का?” मालकांनी बाहेरून विचारलं.

“पहिल्या नंबरानं,” काकू म्हणाल्या.

भरलेलं खोकं काकांनी एका दिवसाऐवजी दोन दिवस बसू दिलं. दोन्ही वेळा उघडून पाहिलं. दुसऱ्या वेळी चिमूटभर भरण लागलं असेल. मग पार्सल गेलं.

पुढचे सोळा दिवस काका इतर कामं करत होते, पण काकूंच्या म्हणण्याप्रमाणे माणूस इथं आणि कान विमानात. सतराव्या दिवशी सिस्टरांचा निरोप आला: खोकं काल पोचलं, आज उघडणार आहे, तुम्ही दोघंही या.

सिस्टरांच्या घरी फोन त्याच कपाटावर, काळसर गोलाच्या मधोमध ठेवला होता. पलीकडून मुलीचा आवाज येत होता. ती प्रत्येक गोष्ट सांगत होती. खोळ काढली. एक ओरखडा नाही. पहिली जोडी. दुसरी जोडी. मध्ये एकदा म्हणाली, “आई, बाबा नट आवळताना शिट्टी वाजवायचे ना, तेच आठवतंय.” मग बराच वेळ फक्त दोरीवर कड्या घासल्याचा आवाज.

“झाल्या,” ती म्हणाली. “चौदाही दोऱ्यावर आहेत. वाजवू?”

मग फोनमधून एक थाप आली. नंतर दुसरी, कातड्याच्या कडेवरची. मग तीन-चार सलग, वडील जेवायच्या आधी सुरुवात करायचे तशा.

सिस्टरांनी डोळे मिटले होते. थाप हवेत विरायच्या आतच त्यांनी डोळे उघडले, काकांकडे बघितलं आणि म्हणाल्या, “हो. ह्यांचाच.”

पलीकडे मुलगी रडत होती आणि रडता रडता वाजवतही होती. काकूंनी सिस्टरांच्या पाठीवर हात ठेवला. काका कपाटाजवळ उभे राहिले. मग चहा झाला, राहिलेला तोही आणि आजचाही.

त्यानंतर काकांच्या कामात एक बदल झाला. वस्तू टेबलावर आली की ते हात मागे घेतात आणि आधी विचारतात, “याच्यातलं काही तसंच ठेवायचंय का, जे मला दिसत नाही?” लोक गोंधळतात. काही जण हसतात. पण कुणीतरी थांबून, विचार करून सांगतं, आणि काका ते खडूनं खोक्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवतात. लाल दोऱ्याचं रीळ आता टेबलाच्या खणात असतं.

सिस्टर अधूनमधून दुकानात येतात. मुलीनं ढोल वाजवायला घेतलाय, आठवड्यातून दोनदा तिच्याकडे चार माणसं ऐकायला जमतात, असं सांगतात. काका ऐकतात, बरं म्हणतात, आणि पुठ्ठा कापायला लागतात. कातडं किती लहरी असतं ते त्यांना माहीत आहे. आठ महिन्यांची हवा, वरून सैल पडून केलेला तो प्रवास, विमानातली थंडी. कड्या जागेवर गेल्या म्हणून कातडं जागेवर जातंच असं नाही. आणि एवढ्याशा फोनमधून ढोलाचा खालचा, पोटातला आवाज येतच नाही, नुसतं टक्‌टक् येतं, हेही त्यांना माहीत आहे. त्यांनी स्वतः ऐकलं तेव्हा तसंच आलं होतं.

विचारायचं रोज ठरवतात. सिस्टर दारात दिसल्या की शब्द जुळवतात, आणि मग पुठ्ठ्याचं माप चुकतं. काकू म्हणतात, विचारून टाका एकदाचं. पण चाळीस वर्षं चेहरे बघून किती सांगायचं ते ठरवणाऱ्या बाईला हे कसं विचारायचं, की सिस्टर, त्या दिवशी तुम्हाला खरंच त्यांचा सूर ऐकू आला होता, की माझा चेहरा बघून म्हणालात?